आईला न विचारता जाहीर केलेलं माझं मरण

मी वाचले. हे आधीच सांगून टाकते, कारण वॉर्डात पडून असताना मी अशी अनुभवकथनं शेवटच्या पानापासून वाचायचे. लिहिणारा जगला की नाही, एवढंच बघायचं असायचं. डॉक्टर मला 'बरी झाली' म्हणत नाहीत, 'सध्या आजार दिसत नाही' म्हणतात. मीही तेवढंच म्हणते.

माझ्या धैर्याचं खूप कौतुक झालं. आमच्या चळवळीच्या गटाच्या सभेत टाळ्या वाजल्या. तेव्हा आई मागच्या खुर्चीवर बसली होती आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. आजाराशी मी कशी वागले याची मला लाज नाही. आईशी कशी वागले याची आहे. तुम्ही आत्ता कुठल्या वॉर्डात खाटेवर किंवा खाटेशेजारच्या स्टुलावर बसून हे वाचत असाल, तर औषधांबद्दल मला काही सांगायचं नाही. माझी जी चूक झाली ती तुमच्याकडून होऊ नये, एवढ्यासाठी लिहिते आहे.

आमचं घर

माझं नाव क्रांती. नावावरून घर कळेल. बाबा एसटीत कंडक्टर होते आणि तिकिटाबरोबर पत्रकं वाटायचे. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, मेल्यावर होणाऱ्या क्रियाकर्मांविरुद्ध. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या उरलेल्या गठ्ठ्यांवर. शाळेच्या वह्यांना कव्हरंही त्याच कागदाची असायची. "जुलूम" हा शब्द मला "जुलै"च्या आधी लिहिता येत होता.

आणि आमचं गाव हरिहरेश्वर. लांबलांबून माणसं इथे आपल्या मेलेल्यांचे विधी करायला येतात. किनाऱ्यावरचे विधी उरकले की त्यांना भूक लागते. त्यातली बरीचशी आईच्या खाणावळीत जेवतात. म्हणजे बाबा ज्याविरुद्ध लिहायचे, त्यावरच आमची चूल चालायची. बाबांना हे कळत होतं. ते म्हणायचे, "तुझी आई भुकेल्याला जेवू घालते. त्यात कसला धर्म आणि कसला अधर्म?"

आईची एक पद्धत होती, अजून आहे. जेवणाची ऑर्डर घेताना माणसं किती हे ती नंतर विचारते. आधी विचारते, "जो गेला त्येला काय आवडायचं?" मग ते करते. वालाचं बिरडं, अळू, सांडग्याची आमटी. कावळ्यासाठी जे पान बाहेर ठेवायचं त्यावर तो पदार्थ आधी वाढते. एका बाईने सांगितलं, माझ्या नवऱ्याला वडापाव आवडायचा. आईने वडे तळले, पाव आणवला. मी तेव्हा कॉलेजात होते. मी हसले होते आणि नंतर या विषयावर एक पत्रकही लिहिलं होतं.

बाबा गेले ते पनवेलच्या दवाखान्यात, अचानक. त्यांनी देहदान ठरवून ठेवलं होतं. गाडी दवाखान्यातूनच वैद्यकीय महाविद्यालयात गेली. आई काही बोलली नाही. ती सहमत आहे असं मी धरून चालले.

निळे डाग

सुरुवात मांडीवरच्या निळ्या डागांनी झाली. मग दंडावर. मग दात घासताना रक्त. गटातला माझा मित्र सुहास म्हणाला, "मोर्चात कुणी बदडलं का गं तुला? सांग, निषेध काढू." मी हसले. आम्ही त्या महिन्यात किनाऱ्यालगतच्या जमिनींच्या प्रश्नावर गावोगाव फिरत होतो, दमणं साहजिक होतं.

श्रीवर्धनला रक्त तपासायला दिलं. लॅबवाल्याचाच फोन आला. "ताई, परत एकदा रक्त द्यायला याल का? आमचं मशीन काहीतरी चुकतंय बहुतेक." मशीन चुकत नव्हतं. डॉक्टरांनी कागद बघितला, बोटाने टेबलावर काही वेळ टकटक केली आणि म्हणाले, "आजच मुंबईला निघा. सोबत कोण आहे?"

सोबत म्हणजे आई, आणि ती घरी होती. मी घरी आले तेव्हा खाणावळीत पंगत बसली होती. कुणाचा तरी मुलगा गेला होता, त्याचे नातेवाईक. मी आत जाऊन आईला सांगितलं. तिच्या हातात खिरीचं पातेलं होतं. तिने माझं ऐकलं, "व्हय" म्हणाली आणि खीर वाढायला बाहेर गेली. सगळ्यांना वाढली. पुन्हा हवी का विचारलं. हात धुतले, शेजारच्या सुलभाकाकींना चावी दिली आणि मग साडी बदलायला गेली.

गाडीत मी तिला म्हणाले, "मी मरायला टेकले तरी तू खीर वाढत होतीस."

ती म्हणाली, "त्यांचं पोर गेलं हुतं बाय. अर्ध्या पानावरनं कसं उठवू?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. 

वॉर्ड

रक्ताचा कर्करोग. हे दोन शब्द डॉक्टरांनी सांगितले तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते प्रामाणिकपणे लिहिते: हातातलं पत्रक अर्धवट राहिलं. दुसऱ्यांदा आलं: मी घाबरलेली दिसता कामा नये. आईचा विचार तिसरा.

मोठ्या सरकारी इस्पितळाचा वॉर्ड तुम्हाला माहीत असेल किंवा होईल. सकाळी रक्त काढतात, मग नाश्ता, मग डॉक्टरांचा घोळका, मग औषधाच्या बाटल्या. दंडात एक नळी बसवलेली, तिला पाणी लागू द्यायचं नाही. फळ सालीचंच, पाणी उकळलेलंच. शिंकणाऱ्या माणसाकडे आपण खुन्याकडे बघावं तसं बघायला लागतो. केस गळतात त्याचं वाईट वाटतं, पण भुवया जातात तेव्हा आरशात कुणीतरी परकं माणूस येतं. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आई जवळच्या धर्मशाळेत राहायची आणि दिवसभर माझ्या खाटेशेजारी असायची. मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माझ्या खाटेशी जप नको. अंगारा नको. उशीखाली काही ठेवायचं नाही." तिने मान डोलावली. ती जप कुठे करते ते मला नर्सकडून कळलं. बाहेर पाण्याच्या कूलरपाशी उभी राहून. कूलर घरघरायचा, त्यामुळे कुणाला ऐकू जायचं नाही.

मला ते कळल्यावर मी काय म्हणाले असेन? "निदान रांग तरी अडवू नकोस."

खाला

शेजारच्या खाटेवर मुरुडच्या एक बाई होत्या. सगळा वॉर्ड त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. वय साठीचं, आवाज बंदरावरचा. त्यांची लेक मुंब्र्याला दिलेली, ती येऊन-जाऊन असायची. खालांचं आणि आईचं पहिल्याच आठवड्यात पंख्यावरून जोरदार भांडण झालं.

"ए बाई, तुजी पोरगी गोठते तर तिला चादर घाल. मना घाम येतो त्याचं काय?"

"चादर घालूनच हाय. तुमी खाट सरकवा की."

"खाट तुज्या बापाची हाय काय, सरकवायला?"

दुसऱ्या दिवशी दोघी एकाच डब्यातून जेवत होत्या. खाला पथ्य मोडून सुक्या बोंबलांची चटणी चाटायच्या. आई पहारा द्यायची. नर्स आली की आई मोठ्याने खोकायची. सगळ्या वॉर्डात खोकल्याला बंदी, आणि ही बाई इशारा म्हणून खोकणार! नर्सने दोघींना पकडलं तेव्हा खाला म्हणाल्या, "मना कॅन्सर हाय, चटनीने आनखी काय व्हनाराय?"

एकदा त्यांनी मला विचारलं, "तू दिसभर फोनात काय लिवतंस गो?"

मी म्हणाले, "माझ्या मरणाबद्दल लिहितेय."

"लिवून झालं की मग मरनार?"

मी हसले, पण मनातून मला त्यांचा राग आला. मी एक गंभीर काम करत होते.

पत्रक

माझं शीर्षक होतं 'माझ्या मृत्यूनंतर'. मला वाटत होतं की मी मरणार, आणि मरण वाया घालवायचं नाही. कोणताही विधी करू नये. पान ठेवू नये. देह घरी न आणता इस्पितळातूनच महाविद्यालयाला द्यावा. डोळे द्यावेत. रडण्यापेक्षा पुस्तकं वाटावीत. शेवटचा परिच्छेद आमच्या गावाला उद्देशून होता: मेलेल्यांच्या नावावर जिवंतांना किती दिवस नाडणार? वाक्यं चांगली जमली होती. आजही वाचली तर त्यातला एकही मुद्दा मला खोटा वाटत नाही.

सुहासला पाठवलं. तो म्हणाला, "क्रांते, रडवलंस गं. लगेच लावू?" मी म्हणाले, लाव. माझा फोटो वर, खाली मजकूर. दुपारपर्यंत ते मोबाइलवरून श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड सगळीकडे फिरलं.

आई तेव्हा खाली औषधं आणायला गेली होती.

आमच्या गावात ज्यांनी ते बघितलं, त्यांनी माझा फोटो आणि वरचं शीर्षक बघितलं. लांबलचक मजकूर मोबाइलवर कोण वाचतं? फोटो, आणि 'मृत्यूनंतर'. आमच्या मागे खाणावळ सांभाळणाऱ्या सुलभाकाकींनी चूल विझवली. जेवायला बसलेल्यांना हात जोडून सांगितलं की घरात वाईट झालंय. आणि आईला फोन लावला. फोन उचलताच त्या रडायलाच लागल्या. "वैनी, पोरगी गेली गं आपली."

आई औषधांच्या रांगेत होती. तिने रांग सोडली. लिफ्टपाशी गर्दी होती, म्हणून जिन्याने निघाली. आमचा वॉर्ड वरच्या मजल्यांवर होता. तेवढे सगळे जिने चढताना माझी आई असं समजून चढत होती की मी मेले आहे, आणि ती खाली औषधं घेत असताना मेले आहे.

ती दारात आली तेव्हा मी उशीला टेकून बसले होते आणि लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचत होते. "सलाम." "लढवय्यी." "अशी मुलगी घरोघरी जन्मावी." मी मान वर केली. आईला श्वास घेता येत नव्हता. मास्क हनुवटीवर आला होता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग खाटेजवळ येऊन तिने हात उचलला.

हात तसाच राहिला. मला मारण्याचीही सोय नव्हती. माझ्या रक्तात तेव्हा असं काही उरलं नव्हतं की एक थप्पड सोसेन. तिने हात खाली घेतला, माझ्या ताटलीतला उष्टा चमचा उचलला आणि धुवायला घेऊन गेली.

खाला सगळं बघत होत्या. त्यांनी लेकीकडून पत्रक वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "सोताच्या मयताचं कार्ड सोताच वाटलंस गो? आनि आयशीला आवतान न्हाय?"

संध्याकाळच्या फेरीला तरुण डॉक्टर आले. त्यांनाही कुणीतरी पत्रक पाठवलं होतं. त्यांनी भलेपणाने, अगदी हळू आवाजात सांगितलं, "छान लिहिलंय. फक्त एक. तुमच्या आजारात डोळे घेत नाहीत. आणि देहाचंही त्या वेळची परिस्थिती बघून ठरवतात." मी "बरं" म्हणाले. ज्या गोष्टी द्यायला मी निघाले होते त्या कुणी घेणार आहे का, हेही मी विचारलं नव्हतं.

एवढंच सांग

आई दोन दिवस बोलली नाही. डबा उघडायची, भरवायची, पुसायची. तिसऱ्या दिवशी सफरचंद सोलता सोलता म्हणाली, "मला एवढंच सांग. तुझं पान ठेवायचं का न्हाय?"

मी म्हणाले, "त्यात लिहिलंय ना."

"लिवलंय ते लोकांसाठी. मी इचारतेय."

"नाही. माझ्या मरणावर तरी माझा हक्क असू दे."

तिने फोड माझ्या हातात दिली. "मरन तुझं. मागं ऱ्हानार मी. माझं काय ते कुनी लिवनार?"

मला उत्तर येत होतं. मला नेहमीच उत्तर येतं. मी म्हणाले, "तुझ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे संस्कार आहेत, आई. तुला वाटतं ते तुझं नाही, तुझ्यावर लादलेलं आहे."

ती म्हणाली, "आसंल. पन तू मेलीस तर दुखनार मलाच ना?"

मी तोंड फिरवून झोपल्याचं सोंग घेतलं. कर्करोग झालेल्या माणसाला हा एक मोठा फायदा असतो. डोळे मिटले की कुणी पुढे बोलत नाही. तो फायदा मी आईविरुद्ध किती वेळा वापरला ते मला आठवतं.

माफी

खालांना औषध लागू पडलं नाही. त्याच बाटल्या, तेच डॉक्टर. माझ्या रक्ताचे आकडे सुधारत होते आणि त्यांचे खाली जात होते. त्यांनी लेकीला सांगितलं, "मना घरी जावाचंय. मरायचं तर खाडीच्या वाऱ्यात मरेन, ह्या फिनेलात न्हाय."

निघायच्या सकाळी त्या लेकीचा हात धरून वॉर्डभर फिरल्या. प्रत्येक खाटेपाशी थांबून म्हणाल्या, "बोललं-चाललं माफ करा." नर्सला, सफाईवालीला, डॉक्टरला. लोक म्हणत होते, "माफ, खाला, सगळं माफ."

आई म्हणाली, "माफ हाय गो सगळं. माझंबी कर. पंख्यापायी वंगाळ बोल्ले मी तुला."

"तू बोल्लीस ते बरोबर हुतं. पंखा माजाच हुता पन." दोघी हसल्या.

मग त्या माझ्याकडे आल्या. आणि मी त्यांना म्हणाले, "खाला, माफी कसली? तुम्ही काही चूक केलेली नाही. माणसाने मरताना अशी भीक मागायची गरज नसते." मला खरंच वाटत होतं की मी त्यांचा मान राखते आहे.

त्या थोडा वेळ थांबल्या. माझ्याकडून एक शब्द यायचा होता, तो आला नाही. मग त्यांनी माझ्या टकलावर हात फिरवला आणि गेल्या.

मुरुडला पोचल्यावर काही दिवसांतच त्या वारल्या. त्यांच्या लेकीने आईला फोन करून सांगितलं. आई कूलरपाशी जाऊन उभी राहिली. मी खाटेवर पडून त्यांच्या रिकाम्या गादीकडे बघत होते. तिच्यावर लवकरच दुसरी बाई आली. तो एक शब्द द्यायला मला काय लागलं असतं? 'माफ' म्हटल्याने माझा कुठला सिद्धांत बुडणार होता?

मी वाचले आणि त्या गेल्या. याचा हिशेब कुठेच लागत नाही, हे मला कळतं. तरी तुम्ही वाचलात तर तुम्हालाही हे होईल. शेजारच्या रिकाम्या खाटेचं ओझं अंगावर राहतं.

ताप

त्यानंतर मला ताप भरला. औषधांनी अंगातली लढायची ताकद संपवलेली असते, तेव्हाचा ताप. दुपारी डॉक्टरांनी आईला बाजूला नेलं. आई परत आली तेव्हा तिचा चेहरा मी ओळखला. खाणावळीत येणाऱ्या माणसांचा तसा असतो.

मरण कसं येतं याबद्दल मी पुष्कळ लिहिलं होतं. आलं तेव्हा त्यातलं काही कामाला आलं नाही. भीती वाटते. लघवीला जायचीसुद्धा भीती वाटते, की उठलो आणि तिथेच संपलो तर. शेवटचं वाक्य म्हणून मी काही योजून ठेवलं होतं, तेही आठवेना. ऑक्सिजनचा मास्क तोंडावर, छातीत दगड, आणि खिडकीतून दिसणारं ऊन अगदी रोजच्यासारखं. मला वाटलं, मी गेल्यावरही हे ऊन असंच पडेल, आणि या स्टुलावर आई असेल, आणि तिच्याजवळ काय असेल? माझं पत्रक.

तोपर्यंत मी माझ्या मरणाकडे सभा बघावी तसं बघत होते. अध्यक्ष मी, ठराव माझा, आभारप्रदर्शनही माझंच. त्या दुपारी कळलं की त्या सभेला मी नसेन. जे असतील त्यांचंच ते काम. त्यांना हवं तसं त्यांनी ते करावं. हे ज्ञान वगैरे नव्हतं. धरून ठेवायची ताकदच उरली नाही, आणि हातातून ते सुटलं तेव्हा बरं वाटलं. इतकं बरं मला त्या सगळ्या महिन्यांत वाटलं नव्हतं.

आईचा हात माझ्या पायावर होता. तिच्या तोंडावरचा मास्क हलत होता, आत ओठ पुटपुटत होते. ती कूलरपाशी गेली नव्हती, कारण डॉक्टरांनी तिला इथून हलू नका म्हटलं होतं. मला दिसतंय हे लक्षात येताच तिचे ओठ थांबले. माझी आई, मी मरत असताना, मला घाबरून देवाचं नाव घ्यायचं थांबली.

मी मास्क खाली ओढला. "आई. म्हण तू."

"मास्क लाव आधी."

"नंतर तुला हवं ते कर. पान ठेव. विधी कर. मी सुहासला सांगते."

"मास्क लाव म्हनते ना!" तिने स्वतःच तो लावला, पट्टी कानामागे सारखी केली. मग म्हणाली, "तुला इचारून करनार हुते काय मी? मेल्यावर उठून भांडनार हुतीस?"

मास्कच्या आत मी हसले, त्याने खोकला आला, नर्स धावत आली. आई तिला सांगत होती, "काय न्हाय, हसली ती. हसली." आणि स्वतः रडत होती.

मी मोठ्या मनाने काहीतरी देते आहे असं मला वाटलं होतं. तिला त्याची गरजच नव्हती, निदान ती तसं म्हणाली. पुढच्या काही दिवसांत ताप उतरला.

घरी

इस्पितळातून सुटल्यावरही बरेच महिने जा-ये चालू होती. मी सुहासला फोन करून सांगितलं की ते पत्रक काढून टाक. तो दुखावला. "घाबरलीस का गं? आपण कशासाठी लढतो मग?" मी म्हणाले, मी विचार बदललेला नाही. मेलेल्याला पान पोचतं असं मला आजही वाटत नाही. माझ्या मागे काय करायचं ते आई ठरवेल, एवढंच बदललं. तो म्हणाला, "ही तडजोड आहे." मी म्हणाले, "आहे." त्यानंतर आमच्यात थोडं अंतर पडलं ते पडलंच.

गावातल्या लोकांनाही मी भेटले. सुलभाकाकींनी मला बघून आधी मिठी मारली आणि मग कान धरला. "तुझ्यापायी चुलीत पानी ओतलं मी. येवढी मानसं उपाशी गेली." त्यांची मी माफी मागितली. ती लगेच मिळाली.

मग एके दिवशी दंडातली नळी काढली. इतके महिने अंगावर नीट पाणी घेतलं नव्हतं. ओल्या फडक्याने पुसणं, एवढंच. घरी आल्यावर आईने मागच्या पडवीत बंब पेटवला, मला दगडावर बसवलं आणि लहानपणी घालायची तशी आंघोळ घालायला बसली. मी म्हणाले, माझी मी घेते. ती म्हणाली, "हात वर कर."

ती पाठ घासत होती. माझ्या पाठीला हाडंच होती नुसती. ती मागे होती, म्हणून तिला बोलता आलं असावं.

"तुला सांगू? त्या दिवशी बोल्ले ते खोटं. तुला इचारल्याबिगर मी काय केलं नसतं."

मी मागे वळायला गेले, तिने माझी मान पुन्हा पुढे केली.

"पान न्हाय ठेवलं तरी चाललं असतं मला. लोकांची पानं ठेवतेच की रोज. कावळे काय, कुनाचंबी खातात. देहबी देऊ दे त्या डाक्टरांना. पोरं शिकत्यात त्येच्यावर, तुझा बाप सांगायचा." तिने तांब्या भरला. "पन तू लिवलंस, घरी आनू नका. थेट तिकडंच न्या. त्येनं मला लई लागलं."

"का?"

"तुझ्या बापाला पन तसंच नेलं. अंगावर पानी घालता आलं न्हाय मला त्येच्या. येवढा धुळीचा मानूस. दिसभर एसटीत. तसाच गेला."

मी दोन्ही हातांनी गुडघे धरून बसले होते. बाबांना जाऊन किती वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिला हवा होता एक तास. देवाशी, विधीशी, माझ्या कुठल्याही मुद्द्याशी त्याचा संबंध नव्हता. गाडी दाराशी थांबली असती, आणि एक तासाने गेली असती.

"आई," मी म्हणाले, "मला आधी घरी आणायचं. तू आंघोळ घालायची. मग ते नेतील."

"व्हय." तिचा हात माझ्या मानेवर थांबला होता. "आनि मी आधी गेले तर तू घालशील?"

"घालीन."

"गरम पानी घे. गार नको."

"गरम घेईन."

"डोळं मीट," ती म्हणाली, आणि तिने माझ्या डोक्यावर तांब्या ओतला.